‘माणसांकडे पाहू नका’ हे कोणी कोणाला सांगावे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती माणसांच्या वागण्यावरून ख्रिस्ती विश्वासाला जोखू नये, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपण छापले आहे. माणसे चुकणारच, भरवसा प्रभूवर ठेवावा, पाळकांवर (धर्मगुरूंवर) आणि वडीलमंडळींवर (चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांवर) नव्हे, असा त्यांचा एकूण सूर. म्हणणे खोटे नाही. पण हे वाक्य बहुतेक वेळा कोणाच्या तोंडून ऐकू येते, याकडे त्यांनी लक्ष दिलेले दिसत नाही.

ज्याचे मन दुखावले आहे तो स्वतः म्हणाला, ‘त्यांनी मला फसवले, तरी मी प्रभूला सोडणार नाही’, तर त्याच्यापुढे मान लववावी. तेच वाक्य फसवणाऱ्याने किंवा त्याची पाठराखण करणाऱ्यांनी ऐकवले, की ते सरळसरळ हात झटकणे होते. वाचकमहाशयांनी या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या आहेत.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घडलेले सांगतो. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक तरुण उपासनेनंतर मागच्या खोलीत दानाचे पैसे मोजायला बसत असे. नोटा सरळ करायच्या, गठ्ठे करायचे, आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, एवढेच त्याचे काम. पुढे केव्हातरी वही त्याच्या हाती आली, तेव्हा चिठ्ठीवरचे आकडे आणि वहीतले आकडे जुळेनात. वहीतले नेहमी कमी, आणि तेही पेन्सिलीने लिहिलेले. त्याने सभेत विचारले. आवाज चढवला नाही, कोणाचे नाव घेतले नाही. हिशेब ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ प्रार्थना करू लागले की लोकांचे डोळे भरून येत. वडीलमंडळींपैकी एकाने उत्तर दिले, ‘या विषयावर आपण सगळे प्रार्थना करू या.’ सभा तिथेच संपली. बाहेर आल्यावर त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून कोणीतरी म्हणाले, ‘माणसांकडे पाहू नकोस, बाळा.’ काही आठवड्यांनी तो यायचा बंद झाला, आणि मंडळीत निवाडा झाला की त्याचा विश्वास मुळातच कच्चा होता.

कच्चा असेलही. पण ज्याचा विश्वास कच्चा आहे त्याचीच तर पौलाला, म्हणजे ठिकठिकाणच्या पहिल्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषिताला, काळजी होती. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही यावरून वाद पेटला, तेव्हा खाणाऱ्यांचे ज्ञान बरोबर आहे हे पौलाने मान्य केले: मूर्ती म्हणजे काहीच नाही, देव एकच. तरीही पहिल्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो, की माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. बरोबर असूनही माघार घ्यायची, कारण शेजारी उभा असलेला दुबळा आहे. आमच्या मंडळीत तर माघार घ्यायची होती ती चुकीच्या गोष्टीतून, आणि तीही कोणाच्याने झाली नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा केली आहे. अडखळलेल्या लहानाला त्याने एका शब्दाने दोष दिलेला नाही.

हा ‘अडखळण’ शब्द मंडळ्यांमधून ऐकू येत नाही असे नाही. उलट फार येतो. मुलींचे कपडे, मुलांचे केस, कोणी कुठले गाणे ऐकले, यांवर तो सढळ हाताने वापरला जातो. वापरणारे बहुधा मंडळीतले वजनदार लोक असतात आणि गप्प बसवले जाणारे नवखे. पौलाचा नियम नेमका याच्या उलट चालतो. सवलत सोडायची ती बलवानाने. दारूच्या व्यसनातून कसाबसा सुटलेला माणूस आपल्या टेबलाशी बसला असेल, तर त्या दिवशी आपला पेला बाजूला ठेवणे हे त्या नियमाचे पालन आहे. ज्याचा विश्वास कशानेही डळमळणार नाही अशा ज्येष्ठाने ‘मी अडखळलो’ म्हणून डोळे वटारणे हे नव्हे.

वागण्याचा परिणाम किती दूर जातो ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पाहावे. अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून अशा पंक्तीला विरोध असलेले काही यहूदी लोक आले आणि त्यांच्या धाकाने तो मागे सरू लागला, वेगळा राहू लागला. त्याने काही चुकीची शिकवण दिली असे पौल म्हणत नाही. तो फक्त जेवणावरून उठला. पण बाकीचे यहूदी त्याच्यामागून उठले, आणि बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. बर्णबा म्हणजे कोण? अंत्युखियात परराष्ट्रीयांवर झालेली देवाची कृपा पाहून ज्याला आनंद झाला, ज्याने तार्सास जाऊन पौलाला शोधून तिथे आणले, तो. असा माणूस जर एका पुढाऱ्याच्या नुसत्या उठण्याने वाहवत जातो, तर नवख्याचे काय? पौल पेत्राला विचारतो, तू परराष्ट्रीयांना यहूद्यांसारखे वागायला भाग का पाडतोस? पेत्राने शब्दाने कोणावरच सक्ती केलेली नव्हती. पौलाने त्याच्या वागण्यालाच सक्ती म्हटले आहे. आणि हे त्याने सर्वांसमक्ष विचारले. बाहेरचे काय म्हणतील, मंडळीचे नाव जाईल, ही सबब त्याने पुढे केली नाही.

नावाची ही भीती आपल्याकडे भलतीच आहे. पहिल्या मंडळीला ती असती तर पेत्राने प्रभूला तीनदा नाकारल्याची हकिगत चारही शुभवर्तमानांत आली नसती. ज्याला सगळे खांब मानत होते त्याचीच ही गोष्ट. वगळणे सोपे होते. तरी ती लिहिली गेली, आणि आजही उपासनेत वाचली जाते. ती वाचून कोणाचा विश्वास गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विश्वास जातो तो झाकाझाकीने. दोषापेक्षा दोष नाकारला जाताना पाहणे माणसाला अधिक पोखरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

मंडळीबाहेरच्या माणसाच्या बाबतीत काय होते, याचे गांधीजींनी स्वतः सांगितलेले उदाहरण आहे. १८९३ साली ते प्रिटोरियात होते आणि अनेक ख्रिस्ती लोकांशी त्यांचा परिचय झाला. त्यांतल्या प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एकाने त्यांना पटवायचा प्रयत्न केला, की माणसाकडून पाप होणारच, सगळा भार येशूवर टाकून निश्चिंत व्हावे. गांधीजींचे उत्तर असे, की पापाच्या परिणामांतून सुटका मला नको, पापातूनच सुटका हवी. तो गृहस्थ बोलल्याप्रमाणेच वागला: जाणूनबुजून चुकीच्या गोष्टी केल्या आणि त्यांची आपल्याला जराही टोचणी नाही हेही दाखवून दिले. यामुळे ख्रिस्ती धर्माबद्दल गांधीजींचे मन कलुषित झाले असते तर नवल नव्हते. ते झाले नाही, कारण कोट्स नावाचे, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे मित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. देवाला भिऊन चालणारे, मनाचे निर्मळ. गांधीजी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या अडचणी बायबलबद्दलच्या आणि त्याच्या रूढ अर्थाबद्दलच्या होत्या. पण एकाच्या बेफिकिरीने जे बिघडले असते ते दुसऱ्याच्या सरळपणाने सावरले. ‘माणसांकडे पाहू नका’ असे कोट्स यांना सांगावे लागले नाही. त्यांच्याकडे पाहूनच निभावले.

वाचकमहाशय यावर जुना दाखला देतील, आणि तो खराही आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट नावाच्या ख्रिस्ती गटाने म्हटले, की छळाच्या काळात कचरलेल्या धर्मगुरूंच्या हातचे संस्कार फोल आहेत. पुढे तिथल्याच ऑगस्टीन या बिशपने त्यांना उत्तर दिले: संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नाही. मला हे मान्य आहे. नालायक पाळकाकडून बाप्तिस्मा घेतलेल्याने घाबरू नये म्हणून ते सांगितले गेले. घेणाऱ्यासाठी तो दिलासा आहे. नालायक पाळकाने तो आपल्या बचावाला वापरायचा नसतो. आपल्याकडे नेमका तसाच वापरला जातो.

घरातल्या मुलांबद्दल थोडेसेच लिहितो, कारण तिथे वाद घालायला फारसे काही नाही. व्यासपीठावर गोड आणि घरी तोंडाळ अशा बापाचे घरचे बोलणे मुले रोज ऐकतात. कामवाल्या बाईचा पगार या ना त्या कारणाने कापून त्याच संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेला बसलेली आई त्यांना दिसते. पुढे ती देवाबद्दल काही बोलेनाशी होतात आणि आपण कॉलेजला दोष देतो.

आमच्या मंडळीपुरते मला एवढेच मागायचे आहे. दानाच्या चिठ्ठ्या अजून असतील तर त्या आणि वही पुढच्या सभेत शेजारी-शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचावेत. ज्यांनी त्या दिवशी प्रार्थना करायला सांगितले त्यांनीच ते वाचावेत. नंतर त्यांच्यापैकी कोणीतरी त्या तरुणाच्या घरी जावे. परत ये म्हणायला नव्हे. तुझी मोजणी बरोबर होती, एवढे सांगायला.

आपला,
मंडळीतला एक सभासद