चाळकेवाडीचा वारा माझ्या गच्चीवर उतरलाच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की ‘घरगुती पवनचक्की बसवा, वीजबिल विसरा’ अशी पत्रकं पेपरात घालून यायला लागतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकाला मी भुललो. फसवलं असं म्हणत नाही. गणित मला येत होतं, मीच केलं नाही.

मी साताऱ्याचा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. ठोसेघरला जाताना चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या आयुष्यभर पाहिल्या, तेव्हा ‘आपल्या गावाला वाऱ्याला काय तोटा!’ असंच वाटायचं. पण माझं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पावसाळी वारा येतो पश्चिमेकडून, आणि त्या बाजूला यवतेश्वराचा डोंगर आडवा. शिवाय शेजाऱ्यांची तीन मजली इमारत नि दोन नारळ.

चक्की होती १ किलोवॅटची. पण हा आकडा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा, म्हणजे ताशी साधारण ४३ किलोमीटर. तेवढं वारं सुटलं तर आमच्या दोरीवरची गोधडी पुढच्या गल्लीत सापडेल! वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा, एक तृतीयांश झाला की सत्ताविसावा. ४ मीटरच्या वाऱ्यात हाती येतात ३७ वॅट. जुना पंखासुद्धा धड फिरत नाही.

वहीत नोंदी आहेत: जुलैत ३१ युनिट, नोव्हेंबरात ३. त्या जुलैत स्लॅबमधून घुमणारा आवाज थेट झोपायच्या खोलीत यायचा. सौ. म्हणाली, ‘डोक्यावर गिरण घातलीत.’ दुसऱ्या वर्षी बेअरिंग वाजायला लागलं. मेकॅनिक असूनही या वयात खांबावर चढून ग्रीस भरायची माझी छाती झाली नाही.

उशिरा सुचलेला उपाय सांगतो. वीस फुटी बांबूला हात-हातभर अंतरावर जुन्या साडीच्या काठाच्या चिंध्या बांधल्या आणि गच्चीवर उभा केला. वरची चिंधी कशीबशी सरळ उडायची, खालच्या सगळ्या बांबूभोवती गिरक्या घेत गुंडाळायच्या. इमारतीला आपटून आलेला तो घुसळलेला वारा. त्यात चक्की नुसती तोंड फिरवत बसते, वीज देत नाही. म्हणून दीडशे मीटरच्या टप्प्यातल्या सर्वात उंच झाडा-घराच्याही वर तीस फूट पाती हवीत. गावठाणात एवढा मनोरा कुठे रोवणार?

आता गच्चीवर २ किलोवॅटचं सोलर आहे. वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला आठेक युनिट देतं. सूर्यघर योजनेत त्याला ६० हजार अनुदान मिळालं. ही योजना सोलरसाठीच आहे, पवनचक्कीला त्यातून छदाम नाही.

याचा अर्थ चक्की टाकाऊ, असं नव्हे. वनकुसवड्यासारख्या पठारावर, मोकळ्या रानात, जिथे महावितरणची तार पोचलेली नाही, तिथे ढगाळ आषाढात सोलर झोपतं आणि चक्की जागी होते. माझ्या मेव्हण्याचं रान पाटणच्या वरच्या अंगाला तसंच आहे. त्याला चक्कीऐवजी तो बांबू नेऊन दिलाय. आषाढात चिंध्या बघ, दिवाळीत परत बघ, मग ये म्हणालो. तोवर माझी चक्की जिन्याखालीच राहील.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा