बोलणाऱ्या कार्डांवरची प्राण्यांची इंग्लिश नावं चुकलीयेत, दुरुस्त करून द्या

कस्टमर केअर टीम,

नमस्कार. कार्ड आत सरकवलं की प्राण्याचं इंग्लिश नाव बोलणारं तुमचं मशीन मी मुलीसाठी ऑनलाइन मागवलं, ती सिनिअर केजीत आहे. मशीन चालतंय, चार्जिंग पण होतंय. हे आधीच सांगते कारण चॅटवर तुमचा माणूस परत परत तेच विचारत होता, मॅडम डिव्हाइस ऑन होतंय ना, साउंड येतोय ना. साउंड येतोय हो, पण चुकीचा येतोय आणि तुमच्या लोकांना तो डिफेक्टच वाटत नाहीये, मग रिटर्न रिक्वेस्ट पण बंद करून टाकली.

पहिलं मगरीचं कार्ड. फोटो मगरीचा, खाली लिहिलंय अ‍ॅलिगेटर, मशीन पण तेच बोलतं. आम्ही वडोदऱ्यात राहतो, इथे विश्वामित्री नदी शहराच्या मधून जाते आणि तिच्यात मगरी आहेत, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर लोकांच्या घरांपर्यंत आल्या होत्या, पकडून पकडून नेत होते. इथल्या पोराला मगर म्हणजे काय हे कार्डावरून शिकवावं लागत नाही, फक्त इंग्लिश नाव हवं असतं आणि ते क्रोकोडाइल आहे. अ‍ॅलिगेटर आपल्या देशातल्या नद्यांमध्ये नसतोच, त्याच्या दोनच जाती, एक अमेरिकेतली आणि एक चीनमधली. तुमच्याच फोटोत नीट बघा, तोंड मिटलंय तरी खालच्या जबड्यातला मोठा दात बाहेर दिसतोय, ही क्रोकोडाइलची खूण आहे, अ‍ॅलिगेटरचा तो दात तोंड मिटलं की आत झाकला जातो. म्हणजे फोटो छापणाऱ्याने आणि नाव लिहिणाऱ्याने एकमेकांना काही विचारलेलंच नाही.

मग बिबट्या. त्याच्या फोटोखाली चीता. अंगावर काळी कडी कडी आहेत, मधे पिवळं, तो लेपर्डच. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, ती तुमच्या फोटोत कुठेच नाहीये. चित्ते भारतातून नाहीसे झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं होतं, २०२२ मध्ये नामिबियातून कुनोत आणले तेव्हापासून मुलं बातम्यांमध्ये खरा चित्ता बघतायत, आणि बिबटे तर आमच्या गुजरातमध्ये पुष्कळ आहेत. दोन्ही प्राणी मुलांच्या ओळखीचे, आणि दोघांची गल्लत तुम्ही केलीत.

कासवाच्या कार्डावर टर्टल आहे ते मी सोडून देते, अमेरिकेत जमिनीवरच्या कासवालाही टर्टल म्हणतात. पण अनेकवचनं? मशीन शीप्स म्हणतं, माऊसेस म्हणतं. शीप एक असो की कळप, शीपच राहतं आणि माऊसचं माइस होतं, हे पहिलीच्या पुस्तकात असतं. शिवाय शीप इतकं आखूड बोललंय की शिप, म्हणजे जहाज, ऐकू येतं.

आता तुम्हाला वाटेल एवढ्याशा कार्डांवरून ही बाई एवढं का लिहितेय. आमच्या घरात मराठी, खाली उतरलं की गुजराती, शाळेत इंग्लिश. मुलगी तिन्ही भाषा मस्त वेगवेगळ्या ठेवते, पण इंग्लिश बोलणारं घरात रोज कोणी नाही, त्यामुळे ते मशीन जे बोलेल तेच तिच्यासाठी खरं. दुपारी मी कामावर असते तेव्हा सासूबाई तिला घेऊन बसतात, त्या मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांनी पण विश्वासानेच ते शब्द पाठ करून घेतले. कमाटी बागेजवळच्या पुलावरून मगर दिसली तर पोरगी ओरडली अ‍ॅलिगेटर, मी म्हटलं क्रोकोडाइल, तर मला म्हणते आई तुला येत नाही, मशीनमध्ये बघ. मला खूप वाईट वाटलं, राग पण आला. या वयात पहिल्यांदा कानावर पडलेलं पक्कं बसतं, ते पुसायला शिकवण्यापेक्षा जास्त मेहनत लागते, आणि ती मेहनत आता आम्ही करतोय, पैसे देऊन.

डब्यावर आयएसआय मार्क आहे, चांगलं आहे, पण तो खेळणं सुरक्षित आहे एवढंच सांगतो. शिकवण्याचं साधन म्हणून विकताय तर नाव बरोबर असणं ही तुमची जबाबदारी.

मला चुकलेली कार्डं बदलून आणि आवाज दुरुस्त करून हवाय, ते जमत नसेल तर पूर्ण रिफंड द्या. आणि ज्यांनी ज्यांनी हा सेट घेतलाय त्या सगळ्यांना मेसेज करून बरोबर नावं कळवा, त्यांचे नंबर तुमच्याकडे ऑर्डरमध्ये आहेतच. कार्डांचे फोटो आणि मशीनच्या आवाजाचे व्हिडिओ सोबत जोडलेत. या वेळी पण डिव्हाइस ऑन होतंय का एवढंच उत्तर आलं तर मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवणार आहे.

तुमची ग्राहक,
दांडिया बाजार, वडोदरा