पाळक यायच्या आधी घर तयार ठेवा

मा. संपादक साहेब,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचा पेपर मी इथे रोज मोबाईलवर वाचते. परदेशी गेलेल्या मराठी लोकांबद्दल तुम्ही छापता ते बहुतेक आयटीवाले नाहीतर शिकायला गेलेली मुलं, पण चर्चच्या कामासाठी घरदार उचलून जाणाऱ्या कुटुंबाबद्दल कधी वाचलं नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर काटछाट करा पण खाली जी विनंती केलीय तेवढी मात्र छापा.

माझे मिस्टर चर्चचे पाळक आहेत, म्हणजे पाद्री. आधी जालना आणि मग मराठवाड्यातलीच आणखी तीन गावं, अशी सोळा वर्षं सेवा झाली आणि मागच्या वर्षीपासून आम्ही स्कॉटलंडला आहोत, अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला समुद्रकाठचं एक मच्छीमारांचं गाव आहे तिथे. निघताना कितीतरी जण म्हणाले की पाळकसाहेबांचं नशीब उघडलं, आता पाउंडात पगार. त्यांना कसं सांगायचं की इथे बोलावलं ते इथल्या मंडळ्यांना, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांना, पाळकच मिळत नाहीत म्हणून. 1950 च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद 13 लाखांच्या वर होते, आता 3 लाखांच्याही आत आलेत, बऱ्याच इमारती विकायला काढल्यात आणि एकेका पाळकाकडे दोन-दोन तीन-तीन चर्च असतात. मिस्टर रविवारी सकाळी एका गावात उपासना घेतात, कोट न काढता गाडीत बसतात आणि दुसऱ्या गावात जातात. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे 12 महिने चालतं, मग पुन्हा परीक्षा द्यायची, त्याचाही अभ्यास रात्री चालू आहे.

पाळकाला राहायला जे चर्चचं घर देतात त्याला इथे मॅन्स म्हणतात. आम्ही नोव्हेंबरमध्ये आलो, संध्याकाळचे साडेपाच झाले असतील पण बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख, वारा असा की मुलीला धरून चालावं लागलं. काळ्या करड्या दगडाचं मोठं घर, बघूनच पोटात गोळा आला. दार उघडलं तर आत ऊब होती. हॉलमधला दिवा लावलेला, किचनच्या टेबलावर दूध, ब्रेड, अंडी, लोणी, शेगडीवर सूपचं पातेलं, आणि एका पिशवीत तांदूळ, मसूर आणि हळदीचं पाकीट. मंडळीतली एक सत्तरीच्या पुढची बाई खास अ‍ॅबर्डीनला जाऊन शोधून घेऊन आली होती, तिने आयुष्यात कधी हळद वापरली नव्हती. मी ते पाकीट हातात घेतलं आणि तिथेच रडले.

बाजूला एक कागद होता, हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरात. कोणता कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, डॉक्टरकडे नाव कुठे नोंदवायचं, बॉयलर बंद पडला तर कोणतं बटन दाबायचं, वरच्या खोलीची कोणती खिडकी अडकते, शाळेची बस कुठे थांबते, रात्रीबेरात्री कोणाला फोन करायचा. या गावात गॅसची लाईन नाही, घरामागे टाकी असते आणि त्यात रॉकेलसारखं तेल भरून घर गरम ठेवतात, ते एकदम 500 लिटर मागवावं लागतं. आम्हाला हे कुठून माहीत असणार, टाकी रिकामी असती तर त्या थंडीत लेकराचं काय झालं असतं. टाकी भरलेली होती. तेलवाल्याचा नंबरही कागदावर होता.

पुढे सगळं सोपं गेलं असं नाही. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा मागतात आणि घराची बिलं तर चर्चच्या नावावर, मग चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक जण सुट्टी टाकून आमच्यासोबत आले, खजिनदारांनी पत्र दिलं, दोन चकरा झाल्या. डिसेंबरात साडेतीनलाच सूर्य मावळतो, धुतलेले कपडे चार चार दिवस ओले राहतात, मुलगी विचारायची मम्मी आपण घरी कधी जायचं. आणि हे घर आपलं नाही हेही मनात असतंच, काम संपलं की रिकामं करायचं, ते पाळकाच्या बायकोला जालन्यातही माहीत असतं आणि इथेही.

भाषेचं मात्र आम्ही धरून चाललो होतो की इंग्लिश येतं म्हणजे झालं. इथे डोरिक बोलतात. व्हॉटला फिट म्हणतात, व्हेअरला फार, मुलीला क्वाइन आणि मुलाला लून, कोणी भेटलं की फिट लाइक, म्हणजे कसं काय. दुसऱ्याच आठवड्यात मिस्टर एका आजींना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, त्या हात धरून वीस मिनिटं बोलल्या आणि यांना निम्मंही कळलं नाही, नंतर तिच्या सुनेने सांगितलं की त्या बुडालेल्या भावाबद्दल बोलत होत्या. त्या रात्री हे जेवले नाहीत. माणूस शेवटचं मनातलं बोलतो ते घरच्या बोलीत बोलतो, आपल्याकडे पुस्तकी मराठी शिकून आलेल्याला काय करायलास, कुठं जायलास हे कानावर पडलं तर त्याचंही असंच होईल. आता एक रिटायर शिक्षिका दर मंगळवारी घरी येतात आणि आम्हा तिघांना डोरिक शिकवतात, मी त्यांना चहा आणि थालीपीठ देते, पैसे त्या घेत नाहीत.

मला इथे आल्यापासून मार्गारेट विल्सन यांची फार आठवण येते. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या जॉन विल्सन यांच्या त्या पत्नी. 1829 साली हे जोडपं स्कॉटलंडहून मुंबईला उतरलं आणि आधी कोकणात हर्णैला राहून मराठी शिकलं, मग बाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये तिथेच वारल्या, जेमतेम सहा वर्षं मिळाली. हर्णैच्या समुद्राकाठी त्यांना मराठीतला पहिला शब्द कोणी शिकवला असेल, पहिल्या दिवशी चूल कोणी पेटवून दिली असेल, कुठेतरी एखादी कोळीण असेलच ना. आणि आमच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री, तेही त्या काळात स्कॉटलंडला येऊन गेले, त्यांनाही इथे कोणीतरी ऊब दिली असेल. हा रस्ता आमच्यापासून सुरू झालेला नाही.

आता विनंती. आपल्याकडे पाळकांच्या बदल्या शाळा संपल्या की होतात, मे नाहीतर जून. एकदा आमची बदली झाली, गावाचं नाव घेत नाही, भर पावसात टेम्पो घेऊन पोचलो तर पार्सनेजला, म्हणजे पाळकाच्या घराला, कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले. रात्री नऊला दार उघडलं, आत एक बल्ब नाही, नळाला पाणी नाही, सिलेंडर नाही, मुलगी पाच महिन्यांची. चर्चमधल्या सतरंज्यांवर झोपलो. सकाळी शेजारच्या मुस्लिम भाभींनी चहा आणि पोहे आणून दिले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्या मंडळीत कोणी वाईट नव्हतं हो, पुढे चार वर्षं त्यांनीच आम्हाला जीव लावला. फक्त प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कोणीतरी बघितलं असेल.

म्हणून पंच कमिटीला आणि महिला मंडळाला हात जोडून सांगते, नवीन पाळक यायच्या आठ दिवस आधी त्या घराची जबाबदारी कोणावर तरी टाका, एका माणसावर, सगळ्यांवर नाही. झाडून पुसून घ्या, बल्ब लावा, टाकी भरा, सिलेंडर जोडा, दोन दिवसांचा शिधा ठेवा. आणि एक कागद ठेवा, पाणी कोणत्या वारी येतं, दूधवाला, डॉक्टर, शाळा, मंडळीत कोण आजारी आहे, कोणाच्या घरात नुकतंच दुःख झालंय. पाळक ओडिशातून, झारखंडमधून आलेला असेल तर एखाद्या बाईंनी त्याच्या बायकोला भाजीबाजारात सोबत न्यावं आणि आपल्या बोलीत बोलावं. याला फार खर्च नाही, मंडळीच्या एका उपकारस्तुतीच्या जेवणापेक्षा तर नक्कीच कमी.

आमच्या फ्रिजवर तो कागद अजून लावलेला आहे. त्याच्यावरूनच मी मराठीत एक यादी केली आणि माझ्या जावेला पाठवली, त्यांच्या मंडळीत या जूनमध्ये नवीन पाळक यायचेत, दोन लहान मुलं आहेत म्हणे. तिने काल फोन केला की किल्ली तिने स्वतःकडे घेतलीय.

आपली,
एक वाचक, मूळ जालना