पालकमंत्री महोदय, सातवीतल्या मुलीचे चित्र परत करा

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी आपल्या जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत कला शिकवतो. कागदोपत्री माझे पद अंशकालीन निदेशक असे आहे, लेकरं चित्रकलेचे सर म्हणतात. मागच्या वर्षी १३ ऑक्टोबरला, आपत्ती धोके निवारण दिनाच्या कार्यक्रमात, आपल्या हस्ते आमच्या शाळेतल्या एका मुलीला चित्रकला स्पर्धेचे पहिले बक्षीस मिळाले. विषय होता, वीज पडताना घ्यायची काळजी. तिच्या चित्रात शाळेच्या छतावर एक उंच टोकदार सळई होती. आपण त्या सळईवर बोट ठेवून तिला विचारलेत, "हे काय काढलंस बाळा?" ती म्हणाली, "अरेस्टर." आपल्याला ते फार आवडले. माईक हातात घेऊन आपण सांगितलेत की पुढच्या पावसाळ्याआधी जिल्ह्यातल्या सगळ्या जिल्हा परिषद शाळांवर वीज अटकाव यंत्र बसेल. मी चौथ्या रांगेत होतो. हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

तो पावसाळा येऊन गेला. आता परतीचा पाऊस चालू आहे. आमच्या शाळेच्या छतावर पाण्याची टाकी आहे आणि गेल्या वर्षीच्या फ्लेक्सची लाकडी चौकट आहे. तिसरे काही नाही.

आणि काल परिपत्रक आले. यंदाही स्पर्धा घ्यावी, विषय तोच, मुलांची चित्रे काढतानाची छायाचित्रे त्याच दिवशी सायंकाळपर्यंत पाठवावीत. ते वाचून माझे हातपाय थंड पडले. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि सगळ्यांनी वाचावे असे लिहितो आहे, कारण लिफाफ्यातली माझी दोन पत्रे कुठे गेली ते मला कोणी सांगितलेले नाही.

ती चित्रे कशी झाली ते आधी ऐका. लेकरांना वीज काढ म्हटले की ती डीपीवरच्या धोक्याच्या पाटीवर असते तशी काढतात, पिवळी, काडी मोडल्यासारखी. मी म्हटले, अशी नसते. त्या दिवसांत रोज दुपारी गडगडत होते. दार लावून आतूनच आभाळ बघायला लावले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पांढरा मेणखडू दिला आणि पांढऱ्या कागदावरच रेघा ओढायला सांगितल्या. काहीच दिसेना, पोरं कुरकुरली. मग निळी शाई पाण्यात पातळ करून वरून ब्रश फिरवायला लावला. मेणावर शाई धरत नाही. कागद काळानिळा होत गेला आणि त्यातून वीज फुटली, झाडाच्या मुळीसारखी, फाट्याला फाटा. मागच्या बाकावरचा एकजण उठून उभा राहिला, "सर, ती आधीपासनंच कागदात होती!" बावीस वर्षे शिकवतोय, असा वर्ग मला फार थोड्या वेळा मिळाला.

चित्र काढता काढताच लेकरं नियम शिकली. लखलखाट दिसला की मोजायला लागायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. तेव्हा ३० मोजायच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब आत जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. झाडाखाली थांबायचे नाही. उघड्यावर सापडलो तर टाचा जुळवून, मान खाली घालून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही, कारण वीज जमिनीतूनही पसरते आणि दोन पायांत अंतर जेवढे जास्त तेवढा झटका मोठा. बैल-म्हशी म्हणून लवकर मरतात. हे पाठ करून घ्यावे लागले नाही. प्रत्येकाच्या घरात नाही तर भावकीत कोणीतरी विजेने गेलेले आहे, निदान एखादे जनावर तरी.

तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पत्रकात लिहिलंय पक्क्या इमारतीत जा. आमच्या वावरातून इमारत कुठंय?"

त्याचे वावर गावापासून दोन किलोमीटरवर. बांधावर एक कडुलिंब आणि पत्र्याचा आखाडा, म्हणजे शेतातली शेड. मी त्याला काय सांगणार? म्हटले, जे आहे ते काढ. त्याने लिंब काढला, आखाडा काढला, मधे आई काढली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाण काढून पुढे प्रश्नचिन्ह टाकले. परीक्षकांनी चित्राच्या मागे शेरा मारला, विषयास धरून नाही. साहेब, जिल्ह्यातून आलेल्या चित्रांत विषयाला धरून असलेले ते एकच चित्र असेल असे मला आजही वाटते.

बक्षीस मिळालेल्या मुलीने त्या प्रश्नाला उत्तर काढले होते. शेतातून शाळेकडे पळत येणाऱ्या बाया, मागे टाकून दिलेले विळे, शाळेचे उघडे दार, छतावर सळई, सळईपासून भिंतीवरून उतरणारी पट्टी आणि ती पट्टी जमिनीत जिथे जाते तिथे तपकिरी रंगाने गिरवलेला खड्डा. यंत्राचे सगळे भाग बरोबर होते. त्या चित्राचा तुम्ही वीस बाय दहाचा फ्लेक्स केलात आणि आमच्या शाळेवरही लावलात. वर नेत्यांचे फोटो टाकायला जागा हवी होती. तुमचा फोटो नेमका सळईवर आला. पोरीने आठ दिवस त्या फ्लेक्सखालून जाताना वर बघितले आणि मग मला विचारले, "सर, माझा अरेस्टर का झाकला?"

आता या वर्षीचे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास. शाळेला लागूनच्या वावरात सोयाबीनची काढणी चालू होती. माझ्या फोनवर दामिनी वाजले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले हे ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरच्या पट्ट्यातली वीज कळवते, चांगले आहे. पण सोयाबीन काढणाऱ्या बायांच्या कमरेला बटनाचे फोन असतात, तेही बहुतेक घरी ठेवलेले. त्यांना दामिनी ऐकू आले नाही. त्यांना ऐकू आल्या त्यांच्या लेकी. आमच्या मुली फाटकात उभ्या राहून ओरडल्या, "माय, विळा टाक आन शाळेत ये!" आणि तेरा बाया आल्या. मागे वळून न बघता, विळे वावरात टाकून, अगदी चित्रात आल्या तशा. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो मी कुणाला सांगू शकत नाही, कारण त्यानंतर पाच मिनिटांत जे झाले ते त्या अभिमानावर कायमचे येऊन बसले आहे.

पहिल्या लखलखाटानंतर वर्गाने बावीस मोजले. नंतर नऊ. नंतर मोजायला सुरुवात झाली आणि एक म्हणायच्या आत सगळे पांढरे झाले. छताच्या कठड्याचा कोपरा फुटून व्हरांड्यात पडला. भिंतीवरचा विजेचा बोर्ड जळाला. ती मुलगी, तीच, खिडकीजवळ उभी होती. तिची आई अजून आली नव्हती. ओल्या खिडकीचा लोखंडी गज धरून ती बाहेर बघत होती.

इमारतीत गेल्यावर खिडकी, गज, नळ, वायर यांना हात लावू नका, भिंतीला टेकू नका, हे मी शिकवले नव्हते. आम्हाला दिलेल्या पत्रकात घोषवाक्ये होती, ही ओळ नव्हती. पण मी शिक्षक आहे, ती मी शोधायला हवी होती. गेले पंधरा दिवस मी रात्री उठून बसतो आणि माझा वर्ग पुन्हा घेतो, त्या एका ओळीसकट.

ती खाली पडली तेव्हा बाया ओरडल्या, "हात नका लावू, अंगात करंट असंल!" तसे नसते, विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच धरायचे असते, श्वास थांबला असेल तर छाती दाबायची असते. तिचा श्वास चालू होता. तळहात भाजला होता, डाव्या कानातून रक्त येत होते. गावातल्या एकाच्या बोलेरोतून नेले. बत्तीस किलोमीटर. मी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ती मला सारखी विचारत होती, "सर, तुम्ही हळू का बोलताय?" मी मोठ्याने बोलत होतो.

पाच दिवसांनी ती घरी आली. हात भरतो आहे. कानाचा पडदा फाटला आहे, ऑपरेशन लागेल म्हणतात. आता ती वर्गाच्या बरोबर मध्यभागी बसते, खिडकीकडे पाठ करून, आणि चित्रकलेच्या तासाला वही उघडत नाही.

मदतीसाठी मी तिच्या वडिलांबरोबर तीन हेलपाटे मारले. विजेने माणूस मेला तर ४ लाख. जखमी होऊन आठवड्याच्या आत घरी आला तर ५,४००. पोरगी पाच दिवसांत घरी आली म्हणून ५,४०० च्या रकान्यात बसते, आणि एका कानाचे ऐकणे गेले तर ते अपंगत्वाच्या टक्केवारीत पुरेसे भरत नाही असे मला टेबलावरून सांगण्यात आले. तिचे वडील बाहेर येऊन म्हणाले, "सर, आजून दोन दिस ठिवायला पाह्यजे होतं काय?" मंत्रिमहोदय, बापाला असा हिशोब करायला लावणारा नियम कोणी लिहिला?

अरेस्टरचे मी तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनला विचारले. सळई, पट्टी, अर्थिंगचा खड्डा, मजुरी धरून साठ-सत्तर हजार म्हणाला. कमी-जास्त होईल. मागच्या वर्षीच्या त्या कार्यक्रमाचा मंडप, खुर्च्या, फ्लेक्स, नाश्ता आणि गाड्यांचे डिझेल धरले तर किती शाळांवर सळया उभ्या राहिल्या असत्या ते तुमच्याच लेखापालाला विचारा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेल्याची नोंद आहे. त्या वर्षी नैसर्गिक आपत्तींनी गेलेल्या ८,०६० जणांत सर्वांत मोठा वाटा विजेचाच. पूर आला की हेलिकॉप्टर येते. वीज एकेकाला गाठते, शेताशेतात, त्यामुळे ती कुणाला मोठी आपत्ती वाटतच नाही. तलाठी येतो, पंचनामा होतो, पेपरात चार ओळी येतात.

आणि शाळांचे म्हणाल तर १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ लेकरे जळून गेली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला. त्यात शंभरच्या वर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक द्यायचे आहेत. मी त्या तरतुदीवर जगतो. माझे मानधन चार महिन्यांपासून आलेले नाही. मेणखडू मी माझ्या पैशाने आणले होते, शाईसुद्धा. शेजारच्या शाळेचा पट अठ्ठ्याण्णव आहे, तिथे कलाशिक्षकच नाही. तिथली चित्रे गेल्या वर्षी कोणीतरी मोबाईलवरून उतरवून पाठवली, सगळ्यांची सारखी, आणि ती चालली, कारण मोजायला संख्या हवी होती. आठवड्याला एक दिन साजरा करा, फोटो काढा, लिंक भरा. शिकवायचे कधी? लेकरांनी कागदावर जे मांडले ते वाचायला तुमच्याकडे एकही माणूस नाही, पण फोटो वेळेत आला नाही तर खुलासा मागायला माणूस आहे.

यंदाची स्पर्धा मी घेणार नाही. कारवाई करायची असेल तर करा. गेल्या वर्षीच्या मुलांनी तुम्हाला काय हवे ते स्वच्छ काढून दिले आहे. छतावर सळई, पट्टी आणि खड्डा, आणि त्या खड्ड्याची दर उन्हाळ्यात तपासणी, कारण अर्थिंग गेले की वरची सळई नुसतीच उभी राहते. शाळेची एक किल्ली गावात कुणाकडे तरी ठेवायची परवानगी द्या, म्हणजे सुटीच्या दिवशी वावरातून पळत आलेल्या माणसाला कुलूप दिसणार नाही. लांबच्या शिवारात पाचवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नचिन्हाच्या जागी एखादी पक्की खोली बांधा. आणि या मुलीच्या कानाचा सगळा खर्च करा, तो रकान्यात बसो न बसो.

आणखी एक. तिचे मूळ चित्र फ्लेक्ससाठी म्हणून नेले ते परत आलेले नाही. परवा तिने पहिल्यांदाच चित्राचा विषय काढला, तोही ते परत कधी मिळेल एवढेच विचारायला. अर्ध्या कार्डशीटवर आहे, निळ्या शाईचे, वरच्या उजव्या कोपऱ्यात शाई सांडल्याचा डाग आहे आणि मागे पेन्सिलने तिचे नाव व इयत्ता सहावी असे लिहिले आहे. शिपायाच्या हाती दिलेत तरी चालेल, मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक कलाशिक्षक