फोन बदलायच्या आधी एवढं वाच

प्रिय भावा,

परवा रात्री तू फोनवर विचारलंस, अँड्रॉइड सोडून आयफोन घेऊ का, आणि ते रूट-बिट म्हणजे नेमकं काय असतंय, तू करायचास नव्हं? मी शटर ओढायच्या गडबडीत होय-नाय करून फोन ठेवून दिला. आज पाऊस असा लागलाय की सकाळपासून चप्पल लाईनीत माणूस फिरकलेला नाही, पावसात कोण कोल्हापुरी घेतंय, म्हणून गादीवर बसून निवांत लिहितोय. लांबलं तर वाच गप.

माझा २०१४ चा तो फोन आठवतोय का, ज्याची पाठ रबरबँडनं बांधलेली असायची? किटकॅट म्हणजे अँड्रॉइड ४.४ वर आलेला, मेमरी ८ जीबी, त्यातली निम्मी कंपनीनंच स्वतःची ॲप कोंबून खाल्लेली आणि ती काढता पण येत नव्हती. एकदा अपडेट आलं, परत कंपनीनं तोंड दाखवलं नाही. मला रूट करायची हौस नव्हती रे, फोन चांगला चालत होता आणि त्याला म्हातारा म्हणून सोडून दिलेलं, त्याचा राग होता.

रूट म्हणजे काय ते वाड्यावरनं सांगतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात प्रत्येक ॲपला वेगळा नंबर, वेगळी खोली, एकानं दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. फोटो बघायचेत, माणसांचे नंबर बघायचेत, तर आधी तुला विचारायचं. आणि या सगळ्यांच्या वर रूट नावाचा मालक, त्याचा नंबर शून्य, किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडं. गंमत अशी की फोनचे पैसे तू मोजलेस पण जुडगा तुला मिळत नाही, तू पण वाड्यात भाडेकरूच. रूट करायचं म्हणजे तो जुडगा मिळवायचा, एवढंच. आयफोनवर असलंच काहीतरी करतात त्याला जेलब्रेक म्हणतात.

त्याच्या आधी बूटलोडर अनलॉक करायला लागतोय. फोन चालू करताना अगदी सुरुवातीला जो प्रोग्रॅम जागा होतोय तो हा, पुढची सिस्टीम कंपनीच्या सहीची आहे का ते बघूनच आत सोडतोय. त्याला अनलॉक केलं की फोन आधी स्वतःला पूर्ण पुसून घेतोय. मला वाटायचं ही कंपनीनं मुद्दाम दिलेली शिक्षा. तसं नाही, उद्या तुझा फोन चोरला आणि चोरानं बूटलोडर उघडला तर तुझं सामान त्याच्या हाती लागू नये म्हणून ती सोय आहे. पण हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते हे की जोतिबाच्या यात्रेतले सगळे फोटो गेले, आज्जी गुलालानं माखलेली, दात नसलेलं तोंड उघडून हसतेय तो पण. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं होतं सगळं पुसलं जाईल म्हणून. मीच न वाचता येस दाबलं.

त्याच रात्री दुसरा घोळ. माझ्या मॉडेलचे दोन प्रकार होते, मी फाईल दुसऱ्याच प्रकाराची टाकली. कंपनीचा लोगो येतोय, जातोय, येतोय, जातोय, बूटलूप म्हणतात त्याला. रात्री दीड वाजता आण्णा पाणी प्यायला उठले, माझ्या हातात तो लुकलुकणारा फोन बघितला, म्हणाले, "शिवण उसवायला येती, घालायला येती का?" आणि जाऊन झोपले. पहाटे कंपनीची मूळ सिस्टीम केबलनं परत घातली तेव्हा कुठं उठला तो. पण नंतर कंपनीच्या सिस्टीमच्या जागी सायनोजेनमॉड नावाचं, हौशी लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकलं आणि काय सांगू, मेलेला बैल शर्यतीत पळाला. ते २०१६ च्या डिसेंबरात बंद पडलं, मग त्याच्याच कोडवरनं लिनिएज ओएस आलं. वर्गणी नाही, पगार नाही, लोक आपल्या हौसेनं असल्या टाकून दिलेल्या फोनांना नवं अँड्रॉइड करून देतात, त्या माणसांबद्दल मला अजून लई आदर आहे.

मग नाद सोडला का, तर त्याला कारण नवरात्र. तोवर दुसरा फोन, त्यावर मॅजिस्क नावाचं रूट करायचं साधन टाकून रूट केलेला. मॅजिस्कचं वैशिष्ट्य असं की ते मूळ सिस्टीमला हात न लावता बूटच्या फाईलमध्ये बदल करतंय, त्यामुळं ॲपपासून रूट लपवता येत होतं. येत होतं, हं. अंबाबाईला गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एका बाईंनी तीन जोड घेतले, क्यूआर स्कॅन केला, म्हणतात पैसे गेले. पैसे आले की बोलून सांगणारा आमचा डबा नेमका चार्जिंग संपून गप. मी बँकेचं ॲप उघडतोय तर त्याला सकाळीच अपडेट आलेलं, आणि स्क्रीनवर सरळ ओळ, हा फोन रूट केलेला आहे, ॲप चालणार नाही. बाई माझ्याकडं बघतायत, मी फोनकडं, मागनं आण्णा दोघांकडं. शेवटी त्यांच्या फोनवरचा हिरवा टिक बघून चपला दिल्या. पैसे आले होते, पण रात्री हिशेब लागेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

तेव्हा बँकेला लई शिव्या घातल्या. नंतर विचार केला तर बरोबर होतं तिचं. जुडगा माझ्याकडं आहे म्हणजे मी चुकून ज्या ॲपला हो म्हणेन त्याच्याकडं पण आहे, आणि ते बँकेच्या खोलीत शिरलं तर बँकेला कळणार कसं? म्हणून ही ॲप गूगलकडनं विचारून घेतात की फोन मूळ अवस्थेत आहे का. पूर्वी सेफ्टीनेट होतं, आता प्ले इंटिग्रिटी. ते चुकवायच्या युक्त्या आहेत, पण आज चाललेली युक्ती उद्या बंद. धंद्याच्या फोनवर हा खेळ परवडत नाही.

आता अपडेटचं बघ, तुझा खरा प्रश्न इथं अडकलाय. आयफोनचं हार्डवेअर पण ॲपलचं आणि सिस्टीम पण, त्यामुळं अपडेट आलं की सगळ्यांना एकदमच. आयफोन ६ एस २०१५ साली आयओएस ९ (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टीम) घेऊन आला आणि १५ पर्यंत गेला. अँड्रॉइडमध्ये आधी गूगल, मग चिप बनवणारा, मग फोनची कंपनी, आणि तोवर कंपनीला नवीन मॉडेल विकायचं असतंय. २०१७ ला अँड्रॉइड ८ मध्ये ट्रेबल म्हणून आणलं, चिपवाल्याचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले म्हणजे काम लवकर व्हावं. आता गूगलच्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ ला तर ७ वर्षं अपडेटचा शब्द दिलाय. म्हणजे ज्या रागानं मी रूट केलं ते कारणच निम्मं संपलं. पण स्वस्तातला फोन घेणार असशील तर किती वर्षं देणार ते आधी विचार. दुकानदार कॅमेरा दाखवेल, तू अपडेट विचार.

आणि अँड्रॉइडचा नंबर वेगळा, सिक्युरिटी पॅच, म्हणजे चोरवाटा बुजवणारं छोटं अपडेट, वेगळा बरं का. सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन पॅचची तारीख बघ, दोन वर्षं जुनी असेल तर त्यात बँक ठेवू नको.

मी आयफोन घेतला, खूश आहे का? आहे, कुरकुर पण आहे. सगळीकडं चालणारं मागं जायचं बटण नाही, पहिला आठवडा अंगठा हवेतच. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर विकत घेतलेली ॲप इकडं येत नाहीत, परत पैसे. व्हॉट्सॲपच्या चॅट आणायच्या तर मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप वापरून आयफोन कोरा असतानाच आणाव्या लागल्या, मी आधीच सगळं सेट करून बसलेलो, परत पुसला. पुसण्यात माझा हात कोण धरणार. यूपीआयला नव्या फोनवर सिमवरनं मेसेज जाऊन नव्यानं नोंदणी होते आणि सुरुवातीला मोठी रक्कम जात नाही, तेव्हा पोरीची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नको.

मला विचारशील तर तुझा आत्ताचा अँड्रॉइड बरा आहे, पॅच येत असेल तर एक वर्ष काढ. रूटची खाज असेल तर कपाटातला जुना फोन काढ, त्याच्यावर काय पाहिजे ते कर, सिम न घालता. माझा तो रबरबँडवाला अजून दुकानात आहे, लिनिएजवर, दिवसभर गाणी वाजवतोय, आत्ता पण वाजतोय.

गणपतीला येशील तेव्हा जुना फोन घेऊन ये, मिसळ खाऊन बसू. केबल मात्र तुझी आण, माझी उंदरानं कुरतडलीय.

तुझाच,
चप्पल लाईनीतला