निवाऱ्यातील जनावरांसाठी लहान गोधड्या शिवून देण्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि निफाडकडे तर तो कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो, हे आपण सारे जाणतोच. याच रात्री शहराबाहेरच्या प्राणी निवाऱ्यात उपचारासाठी आणलेली कुत्री, मांजरे आणि त्यांची पिले शहाबादी फरशीवर किंवा पिंजऱ्याच्या पत्र्यावर झोपतात. त्यांच्या अंगाखाली घालण्यासाठी सुती कापडाच्या लहान गोधड्या शिवून द्याव्यात, ज्यांना शिवणे शक्य नाही त्यांनी जुने कापड द्यावे, अशी विनंती आमचे महिला मंडळ आपणांस करीत आहे. निवाऱ्याच्या चालकांशी बोलून आम्ही १०० मोठ्या आणि १०० लहान गोधड्यांचा संकल्प केला आहे.

अंथरूण ही या प्राण्यांच्या शुश्रूषेतली मूलभूत गरज आहे. वाहनाच्या धडकेने कंबरेतून लुळे पडलेले कुत्रे एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहते. जिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असते त्या कोपरावर आणि खुब्यावर कठीण फरशीचा दाब पडून जखमा होतात. अशा कुत्र्याला लघवीवरही ताबा नसतो, त्यामुळे अंथरूण ओले राहिले की कातडी कुजू लागते, माश्या बसतात आणि जखमेत अळ्या पडतात. दर काही तासांनी कूस बदलणे आणि अंगाखाली कोरडे कापड घालणे, याला पर्याय नाही. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांची अडचण वेगळी असते. भुलीच्या औषधाने शरीराचे तापमान उतरते आणि टाके पोटावर असल्यामुळे ते थेट जमिनीला लागतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार या कुत्र्यांना बरे झाल्यावर त्यांच्याच मूळ वस्तीत सोडायचे असते. तोपर्यंतचे काही दिवस त्यांना स्वच्छ आणि उबदार जागा मिळाली पाहिजे.

सर्वांत नाजूक प्रश्न पिलांचा आहे. जन्मल्यानंतरचे पहिले दोन आठवडे कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पिलाला स्वतःच्या शरीराची ऊब नीट राखता येत नाही. ती आईच्या अंगातून आणि एकमेकांना चिकटून मिळवावी लागते. आई नसलेले पिलू गार पडले, तर त्याला दूध पाजण्याआधी हळूहळू ऊब द्यावी लागते, कारण शरीर थंड असताना दूध पचत नाही आणि घाईने पाजलेले दूध त्याच्या जिवावर बेतू शकते. गरम पाण्याच्या पिशवीवर घडी करून घालता येईल अशी मऊ गोधडी तेथे औषधाइतकीच मोलाची ठरते.

जाड ब्लँकेट किंवा गादी दिली तर चालणार नाही का, असे अनेकजण विचारतात. त्या देण्यामागची भावना आम्ही जाणतो, तरीही आमचे मत स्पष्ट आहे की निवाऱ्याला पातळ, सहज धुता येणारी गोधडीच द्यावी. तेथील अंथरूण दिवसातून अनेकदा बदलावे लागते. कापूस भरलेली गादी धुतल्यावर तिच्यात गोळे होतात आणि ती दोन-दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात तर तिला बुरशी लागते. पार्वोसारख्या रोगाचा विषाणू कापडावर आणि जमिनीवर दीर्घकाळ टिकतो. तो मारण्यासाठी कापड ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवावे लागते, आणि लोकरीचे ब्लँकेट त्या पाण्यात खराब होते. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती लुगडे मात्र हे सारे सोसते. प्रत्येक जनावरामागे एक गोधडी अंगाखाली, एक धुण्यात आणि एक दोरीवर असा हिशेब धरावा लागत असल्यामुळे संख्याही मोठी लागते.

गोधडी शिवताना पुढील गोष्टी कृपया कटाक्षाने पाळाव्यात. मोठी गोधडी ३ फूट लांब व २ फूट रुंद, तर लहान गोधडी दीड फूट लांब व दीड फूट रुंद असावी. जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी किंवा पंचे यांचे चार ते पाच पदर पुरेत. एका नऊवारी लुगड्यातून दोन मोठ्या गोधड्या आरामात निघतात. दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोरा घालावा आणि टाका बारीक ठेवावा, कारण लांब टाक्यात नखे अडकतात. कडा आत दुमडून पक्क्या शिवाव्यात. शिवणयंत्रावर सरळ रेघा मारल्या तरी उत्तम. जरीचे काठ, गोंडे, लेस, बटणे, हूक आणि इलॅस्टिक यांपैकी काहीही ठेवू नये. मांजराने लांब दोरा गिळला तर आतडी त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि पोट फाडून शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते, म्हणून दोऱ्याची टोके आतल्या पदरात दडवावीत. नक्षी किंवा रंगसंगती यांची मुळीच चिंता करू नये. ठिगळांची गोधडीही तितकीच उपयोगाची आहे.

कापड ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेले असेल, तर ते दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय देऊ नये, कारण त्या गोळ्यांचा अंश कुत्र्या-मांजरांना विषारी असतो. फिनेलचे पाणीही कापडाला लावू नये. मांजरांना ते विशेष घातक ठरते. ज्या घरात नुकतेच एखादे कुत्रे पार्वो किंवा डिस्टेंपरने दगावले असेल, त्या घरातील त्याची अंथरुणे मनापासून द्यावीशी वाटली तरी कृपया पाठवू नयेत.

आपल्या भागात गोधड्या शिवून संसाराला हातभार लावणाऱ्या अनेक भगिनी आहेत. त्यांच्याकडून काही गोधड्या शिवून घ्याव्यात आणि त्यांना नेहमीच्या दराने पूर्ण मजुरी द्यावी, असे मंडळाने ठरविले आहे. कार्य सेवेचे आहे म्हणून ज्यांचे पोट सुईवर आहे त्यांच्याकडून फुकट श्रम घेणे आम्हांला मान्य नाही. ही मजुरी, दोऱ्याची रिळे, सुया आणि निवाऱ्याला द्यायची धुण्याची पावडर यांसाठी रोख देणगीची गरज आहे. कोणतीही रक्कम लहान मानली जाणार नाही. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च मंडळाच्या फलकावर लावला जाईल.

जुने कापड धुऊन, वाळवून, पिशवीत बांधून कोणत्याही दिवशी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत मंडळाच्या सभागृहात आणून द्यावे. शनिवारी दुपारी तेथेच एकत्र बसून शिवण्याचा उपक्रम चालतो. ज्यांना धावदोरा येत नाही अशा तरुण मुली-मुलांनी अवश्य यावे, मंडळातील ज्येष्ठ आजी त्यांना शिकवतील. वयोमानाने ज्यांना घराबाहेर पडणे कठीण आहे त्यांनी निरोप द्यावा, आमचे कार्यकर्ते घरी येऊन कापड किंवा शिवलेल्या गोधड्या घेऊन जातील. पहिली खेप थंडीचा जोर वाढण्यापूर्वी निवाऱ्यात पोहोचावी यासाठी तयार गोधड्या १० डिसेंबरपर्यंत मिळाव्यात. त्यानंतर आलेल्या गोधड्या पावसाळ्यासाठी राखून ठेवल्या जातील.

आपली नम्र,
कार्यकारिणी, महिला मंडळ, नाशिक