नुसतं जेट बदलून भागत नाही

संपादक महोदय, स.न.

पिकअप इथेनॉलवर चालवण्याबद्दल तुमच्याकडे आलेला लेख वाचला, चांगलाय, पण "जेट मोठं करा आणि चालवा" (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं, हवेत इंधन मिसळणाऱ्या भागातलं, इंधन सोडणारं बारीक भोक) एवढ्यावर विषय मिटवलात ते काय पटलं नाही. मी हा उद्योग माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल पिकअपवर केलाय आणि पहिला दणका जेटनेच दिला. पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त 9 पट, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन साधारण दीडपट सोडायचं. मग काय, मी शहाण्याने 1 मिलिमीटरचं भोक सरळ दीडचं केलं! क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं हे ड्रिल हातात आल्यावर कुठलं आठवतंय. सव्वादोनपट इंधन, प्लग ओलेचिंब, स्टार्टर मारून मारून बॅटरी झोपली. सव्वा मिलिमीटर पुरतं.

खरं दुखणं मात्र टाकीत असतं, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉल सोडवून आणतं, माझा फिल्टर तिसऱ्याच दिवशी चोक झाला, उघडला तर आत तपकिरी चिखल. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदाही फुगला, नळी दाबली तर भिजलेल्या खोडरबरासारखी लागत होती, म्हणून आधी टाकी धुवा, नळ्या बदला, जेटचं नंतर बघू.

ॲव्हरेज पडतंच, लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्याला इलाज नाही. पण ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त असल्याने ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं तरी इंजिन ठोकत नाही आणि चढावर ओढ मस्त मिळते, हे मी खोटं नाही बोलणार. गारठ्यात सकाळी मात्र गाडी रुसते, ब्राझीलमध्ये तर इथेनॉलच्या गाड्यांना स्टार्टपुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी द्यायचे.

इंजेक्शनच्या गाडीचं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर इंधन फवारतो तिचं, गणित अजून वेगळं, तिथे इंजेक्टर आणि कॉम्प्युटरची सेटिंग दोन्ही बघावं लागतं.

आणि डिझेल पिकअपला हे चालत नाही एवढं तरी पुढच्या अंकात ठळक छापा हो, इथेनॉल नुसत्या दाबाने नीट पेटतच नाही. माझा मेव्हणा काल तुमचं कात्रण घेऊन घरी आला होता, त्याची डिझेलची आहे.

एक पिकअपवाला वाचक